ऐकणारी दिया

दिवाळी अंकात दियाविषयी लिहायचे म्हणजे वाचकांना पणतीच आठवणार. ही दिया मात्र मोबाइलमध्ये राहते. गूगलने २०१९ साली 'बोलो' नावाचे वाचन शिकवणारे ॲप आपल्या देशात आणले. पुढल्याच वर्षी त्याचे 'रीड अलाँग' झाले आणि त्यात मराठीही आली. मुलाने गोष्ट मोठ्याने वाचावी, दियाने ती ऐकावी, अडलेला शब्द उच्चारून दाखवावा, बरोबर वाचल्यास चांदण्या द्याव्यात, असा हा खेळ.

कोणाही मास्तराला हेवा वाटावा असा तिचा गुण म्हणजे ती कंटाळत नाही. भरल्या वर्गात एकेका पोराचे वाचन रोज कोण ऐकणार? उत्तर प्रदेशातील २०० गावांत चाचणी झाली, तेव्हा तीन महिन्यांत ६४ टक्के मुलांचे वाचन सुधारल्याचे गूगलने सांगितले. मला त्याचे नवल वाटत नाही.

पण वाचन सुधारले म्हणजे नेमके काय सुधारले? दिया छापील शब्द आणि उच्चारलेला शब्द ताडून पाहते. घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा एकच असेल तर तेवढे पुरते. अर्थ मुलापाशी आधीच असतो. आमच्या नांदेड-लातूरकडे तसे सगळीकडे कुठे आहे? देगलूरकडच्या तेलुगू घरात पाण्याला नीळ्ळु म्हणतात, निलंग्याकडच्या कानडी घरात नीरु. किनवटच्या तांड्यावरचे लेकरू आईला 'याडी' म्हणते. त्याने 'ओसरी' हा शब्द खणखणीत वाचला, पण ओसरी काही डोळ्यांपुढे आली नाही, तर निव्वळ उच्चार ऐकून ते कसे कळावे?

मौज अशी, की ही अडचण 'बोलो'च्या कर्त्यांना ठाऊक होती. इंग्रजी मजकुराचा अर्थ दिया हिंदीतून सांगत असे. इंग्रजीपुढे अडणाऱ्या मुलाची सोय झाली. मराठीपुढे अडणाऱ्या गोरमाटी मुलाची आठवण कोणाला राहिली नाही. निजामी अमलात, १९४८ पर्यंत, शाळेत उर्दू आणि घरी मराठी अशी कसरत मराठवाड्याने केली आहे. निदान आम्ही तरी हे विसरू नये.

म्हणून दिया मुलांच्या हातून काढून घ्या, असे मी म्हणणार नाही. गोष्ट संपली की मोबाइल पालथा ठेवावा आणि तीच गोष्ट लेकराला घरच्या बोलीत सांगायला लावावी. सुटीत ऐकायला आजी घरात आहेच.