कवंदीवरचा क्रूस

औशाच्या किल्ल्याकडे पाहताना लातूरकडील जाणत्यांना मलिक अंबर आठवतो. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६०२ साली नांदेडजवळ मोगलांशी लढताना जबर जखमी झाला. मात्र हबशांचा वारसा म्हणजे तलवार आणि तटबंदी, एवढेच आम्ही धरून बसलो, हे आमच्या रसिकतेचे दारिद्र्य होय.

याच आफ्रिकी वंशाची दुसरी शाखा उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानांत नांदते. तेथील अनेक सिद्दींचे पूर्वज गोव्यातील पोर्तुगीज धन्यांच्या घरून निसटून घाट चढले. त्यांच्यात हिंदू, मुसलमान व कॅथलिक असे तिन्ही आहेत. त्यांच्या स्त्रिया शिवतात त्या गोधडीस कवंदी म्हणतात.

प्रथमदर्शनी ती नांदेड-लातूरच्या कोणत्याही घरातील वाकळच वाटावी. तीच जुनी लुगडी, तोच धावदोरा. पण शिवण्याची चाल पाहावी. आरंभ कोपऱ्यापासून, मग कडेकडेने फेरे घेत शेवट मध्यावर. आधी आखणी नाही. हाती येईल तो तुकडा शेजारच्या रंगाशी जुळवायचा, नाहीतर खुशाल भांडू द्यायचा. कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या चिंध्यांची फुले. त्यांवाचून कवंदी पुरी होत नाही. अमेरिकन कलेतिहासकार हेन्री ड्र्यूअल यांनी ही कला जगापुढे मांडली, हे उपकारच. तथापि तीत निव्वळ आफ्रिकेची स्मृती शोधणारे रसिक आम्हांस पटत नाहीत. दक्षिणेतील लुगड्यावाचून ती उभीच राहिली नसती. तिचा बेधडक रंगठेका मात्र आमच्या वाकळींत क्वचितच आढळतो.

मुसलमान स्त्रिया कवंदीवर चंद्रकोर शिवतात, कॅथलिक स्त्रिया क्रूस. येथे आम्ही थबकतो. ज्या धन्यांपासून यांचे पूर्वज पळाले, ते धनीही क्रूसापुढेच गुडघे टेकीत. धनी सुटला, क्रूस राहिला. धर्मगुरू म्हणून याचे श्रेय ख्रिस्तसभेला देण्याचा मोह होतो; तो आवरलेला बरा. चिंध्यांचा हा क्रूस वेदीवरच्या क्रूसासारखा रेखीव नसेल, पण त्याच्या उबेत लेकरे निजतात.

आमच्या धर्मग्रामात नाताळच्या गव्हाणीसाठी दरसाल शहरातून झगमगीत साटीन येते. यंदा बाळ येशूखाली एका आजीची वाकळ अंथरावी, असे आम्ही सुचविले. दोन कुटुंबे अद्याप रुसलेली आहेत.