हाक आणि हात : कर्णबधिर नायकाच्या प्रेमकथेतील वाणीचा आग्रह

प्रेमाची कबुली ही प्रेमकथेतील निर्णायक भाषिक कृती होय. दोघांपैकी एकाला ऐकू येत नसेल तर ती कोणत्या भाषेत घडावी, हा प्रश्न केवळ कथानकापुरता राहत नाही. भाषा कशाला म्हणावे याविषयीची त्या कलाकृतीची भूमिकाच त्यातून उघड होते. जपानमधील टीबीएस वाहिनीवर १९९५ मध्ये प्रसारित झालेल्या एरिको किटागावा यांच्या मालिकेचे शीर्षक या दृष्टीने सूचक आहे : ‘आइशितेइरु तो इत्ते कुरे’, म्हणजे ‘प्रेम आहे असे म्हण’. मूळ क्रियारूपाचे वळण पुरुषी आहे. त्यामुळे विनवणी नायकाची असावी असे वाटते. प्रत्यक्षात ‘म्हणण्या’चा भार येऊन पडतो तो त्याच्यावरच.

चित्रकार कोजीची श्रवणशक्ती लहानपणी गेलेली आहे आणि आवाज वापरणे त्याने सोडून दिले आहे. नटी होऊ पाहणारी हिरोको त्याच्यासाठी खूणभाषा शिकते. चिठ्ठ्या, फॅक्स आणि हातांच्या खुणा यांवर उभा राहिलेला हा संवाद अपुरा कुठेच वाटत नाही, हे या मालिकेचे मोठे यश. तरीही तिच्या भावनिक उत्कर्षबिंदूंपैकी एक म्हणजे रेल्वे स्थानकात कोजीने मोठ्याने मारलेली ‘हिरोको’ ही हाक. ती हाक कोजीला स्वतःला ऐकू येत नाही. मग ती कोणासाठी? उघडच, ऐकणाऱ्या प्रेक्षकासाठी. वाणीत बोलणारा स्वतः उपस्थित असतो आणि लेखन हे तिचे दुय्यम रूप, या पाश्चात्त्य विचारातील गृहीतकाची चिकित्सा देरिदाने १९६७ मध्ये केली. तेच गृहीतक येथे अश्रूंच्या रूपाने परत येते. इतके दिवस हातांनी जे सांगितले गेले, ते जणू या एका उच्चाराची पूर्वतयारी ठरते. योगायोग असा, की त्याच वर्षी मार्चमध्ये हारुमी किमुरा आणि यासुहिरो इचिदा यांनी ‘गेंदाई शिसो’ या नियतकालिकात कर्णबधिर संस्कृतीचा जाहीरनामा प्रसिद्ध करून कर्णबधिर हा एक भाषिक अल्पसंख्य समाज असल्याची मांडणी केली होती.

या हाकेशेजारी आणखी एक रेल्वे ठेवून पाहावी. झेंझो मात्सुयामा यांच्या १९६१ च्या ‘नामोनाकु माझुशिकु उत्सुकुशिकु’ या चित्रपटात कर्णबधिर पतिपत्नी आगगाडीच्या दोन वेगळ्या डब्यांत आहेत आणि मधल्या काचांतून हातांनी बोलत आहेत. ऐकणाऱ्या जोडप्याला ती काच अडली असती. येथे अडथळा आहे तो वाणीला, भाषेला नाही. पस्तीसएक वर्षांनी आलेली मालिका या बिंदूपासून पुढे नव्हे, मागे गेली असे म्हणावे लागते.

गुलजार यांच्या ‘कोशिश’ला (१९७२) याच जपानी चित्रपटापासून प्रेरणा मिळाली. संजीव कुमार आणि जया भादुरी यांनी रंगविलेले दांपत्य मराठी प्रेक्षकाला चांगले परिचित आहे. मात्र त्याच्या शेवटाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ऐकू येणाऱ्या मुलासमोर कर्णबधिर मुलीचे स्थळ येते, तो नकार देतो आणि वडील संतापतात. म्हणजे ऐकणारा आणि न ऐकणारी यांचे नाते आपल्या पडद्यावर येथे ऋणफेडीच्या, कर्तव्याच्या रूपात येते. त्यात नैतिक बळ आहे. अभिलाषा मात्र नाही. मुलगी कशी आहे, तिला काय हवे आहे, हे संहिता विचारतच नाही. जपानी मालिकेचे श्रेय असे, की तिने कर्णबधिर पुरुषाला अभिलाषेचा विषय आणि कर्ता असे दोन्ही केले.

हातांकडे पाहण्याची आपली रीत तपासायची तर नाशिककडे वळणे सयुक्तिक ठरेल. नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीच्या ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) दादासाहेब फाळके कथेआधी कन्या मंदाकिनीच्या चेहऱ्यावरील निरनिराळे भाव दाखवतात आणि मग ती कृष्ण होते. बोलपट येईपर्यंत पात्रांचा आवाज कोणत्याच प्रेक्षकाला ऐकू येत नव्हता. त्या अर्थाने पडद्यासमोर सारेच समान होते. (पाट्या वाचता न येणारे वेगळे.) पण त्यावरून मूकपट हे कर्णबधिरांचे हरवलेले घर होते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मंदाकिनीचा अभिनय आंगिक आणि सात्त्विक आहे. खूणभाषेला व्याकरण असते. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर हात वापरूनही ती वाचिकातच मोडते. मराठी समीक्षा मात्र तिला हावभाव समजून आंगिकात टाकते. ‘मूकपट’ आणि ‘मूकबधिर’ या दोन्ही शब्दांतील ‘मूक’ हे विशेषण हाच गैरसमज टिकवून धरते.

फुजी वाहिनीवरील २०२२ च्या ‘सायलेंट’ या मालिकेत हा पेच वेगळ्या ठिकाणी उलगडतो. तारुण्यात श्रवणशक्ती गमावलेला सो आणि त्याची पूर्वीची प्रेयसी त्सुमुगी पुन्हा भेटतात. तीही त्याच्यासाठी खूणभाषा शिकते. पण ही भाषा सोला ज्या नानाने शिकवली ती जन्मतः कर्णबधिर आहे. आपण दिलेली भेटवस्तू त्याने दुसऱ्या कुणाला देऊन टाकावी, तसे तिला वाटते. ऐकणाऱ्या स्त्रीने खूणभाषा शिकणे हा त्यागाचा पुरावा मानणारी प्रेमकथा येथे प्रथमच एका मालकीणीसमोर उभी राहते. नानाच्या या तक्रारीला मालिकेजवळ समाधानकारक उत्तर नाही, आणि ते नसल्यामुळेच तिच्या वाट्याची दृश्ये मुख्य प्रेमकथेपेक्षा अधिक काळ मनात राहतात.