सहीच्या वरचा मजकूर : विद्यापीठात इंग्रजी कशासाठी शिकायचं?



मागच्या व्याख्यानानंतर बोईसरच्या एका पालकांनी आम्हाला जिन्यातच गाठलं. म्हणाले, ‘सर, मुलगी बी. ए.ला इंग्रजी घ्यायचं म्हणते. घेऊन उपयोग काय?’ स्वरात थट्टा नव्हती, काळजी होती. कारखान्यात पाळीची नोकरी करून मुलांना शिकवणाऱ्या माणसाने ‘उपयोग काय’ असं विचारलं, तर त्याला उत्तर देणं आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या मास्तरावर बंधनकारक आहे. पण त्याआधी एक कबुली देतो. हाच प्रश्न बऱ्याच वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने विचारला होता, आणि तेव्हा आम्ही चुकीचं उत्तर दिलं होतं.

किनाऱ्यावरच्या गावातला मुलगा. वाचनाची ओढ होती, इंग्रजी साहित्य शिकायचं होतं. आम्ही म्हटलं, ‘अरे, तारापूरची एमआयडीसी दाराशी आहे. सायन्स घे, कुठेही लागशील. इंग्रजीचं काय, बोलता आलं की झालं.’ त्याने ऐकलं. कारखान्यात लागला. साहेबांशी बोलून बोलून इंग्रजी फाडफाड बोलायलाही लागला. पुढे काम सुटलं आणि एक दिवस तो आमच्याकडे एक कागद घेऊन आला. त्यावर एक परिच्छेद इंग्रजीत होता : आपण स्वखुशीने राजीनामा देत आहोत, सर्व येणी मिळाली आहेत, यापुढे कसलाही दावा राहिलेला नाही. खाली त्याची सही. तो म्हणाला, ‘सर, पैसे मिळाल्याची पावती आहे असं सांगितलं होतं.’

इंग्रजी बोलता येणारा मुलगा इंग्रजी कागदापुढे निरक्षर ठरला, आणि त्याला तिथे पाठवणाऱ्यांत आम्हीही होतो.

आता यातून काय निघतं ते पाहा. बोलणं समोरच्या माणसाच्या आधाराने चालतं. चेहरा दिसतो, अडलं तर विचारता येतं. कागद मात्र माणूस निघून गेल्यावर बोलत राहतो, आणि त्याला उलट प्रश्न विचारण्याची कला वेगळी शिकावी लागते. बोलायला क्लास शिकवील, त्याला आमची हरकत नाही. विद्यापीठाने शिकवायचं ते सावकाश वाचन. हे कोण बोलतंय? कोणाला उद्देशून? काय सांगितलं आणि काय गाळलं?

तुम्ही म्हणाल, बी. ए.च्या अभ्यासक्रमात राजीनाम्याचे कागद कुठे असतात? नसतात. शेक्सपिअर असतो. ‘ज्युलियस सीझर’मधलं अँटनीचं भाषण घ्या. सीझरचा खून झालाय, जमाव खुन्यांच्या बाजूने आहे. अँटनी ब्रूटसला नावं ठेवत नाही, पुन्हा पुन्हा थोरच म्हणतो. पण प्रत्येक वेळी त्या शब्दाचा अर्थ थोडा सरकतो, आणि शेवटी तोच शब्द शिवीसारखा ऐकू येतो. शब्द तोच, अर्थ उलटा. हे ज्याने वर्गात ओळीवर बोट ठेवून एकदा पाहिलं, तो कागदावरच्या ‘स्वखुशीने’ या शब्दापाशी थबकेल. हा शब्द इथे कोणी घातला, आणि का, असं विचारील.

ही गोष्ट एका मुलापुरती नाही. आपल्या पालघर जिल्ह्यात वाढवण बंदर येतंय. २०२४ साली केंद्राची मंजुरी मिळाली, ३० ऑगस्टला इथेच पायाभरणी झाली. बंदर हवं की नको, हा आजचा विषय नाही. आमचा मुद्दा भाषेचा आहे. अशा प्रकल्पाआधी जनसुनावणी होते. २००६च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. मूळ जाडजूड अहवाल मात्र बहुधा इंग्रजीतच असतो. अशा अहवालांत कर्मणी प्रयोग फार. ‘परिणाम नगण्य राहील अशी अपेक्षा आहे’ अशा धाटणीची वाक्यं. अपेक्षा कोणाची? नगण्य कोणाच्या लेखी? मासेमारी करणाऱ्याच्या की अहवाल लिहिणाऱ्याच्या? व्याकरणाने कर्ता लपवला की जबाबदारीही लपते. हे ओळखणारी चार मुलं किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात असावीत की नसावीत?

यावर रास्त आक्षेप येतो : मग सगळं मराठीत द्या म्हणून भांडा ना, इंग्रजीचं ओझं कशाला? भांडलंच पाहिजे. २०२० साली पर्यावरण अधिसूचनेचा नवा मसुदा निघाला, तेव्हा तो आठव्या अनुसूचीतल्या भाषांत उपलब्ध करा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला द्यावा लागला होता. पण भाषांतर इमानी आहे की नाही हे कोण तपासणार? दोन्ही भाषा जाणणाराच. मोबाइल शब्दाचा अर्थ सांगेल. शब्दामागचा डाव तो आपणहून सांगेलच, असं नाही.

दुसरा आक्षेप, इंग्रजी शिकलेला मराठीला पारखा होतो. काही होतात, नाकारत नाही. पण जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत आणि कथा मराठीत लिहीत. विंदा करंदीकर इंग्रजीचेच प्राध्यापक, त्यांनी ‘किंग लिअर’ मराठीत आणलं. इथलंच उदाहरण हवं? पालघरच्या महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे ते सोनोपंत दांडेकर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि वारकरी. त्यांनी ज्ञानदेव आणि प्लेटो यांना एका मराठी ग्रंथात समोरासमोर बसवलं. ग्रीक प्लेटो आपल्या विद्यापीठांत आला तो मुख्यतः इंग्रजीच्या वाटेने. म्हणजे वाट परकी असली तरी घरी परतता येतं. परतायचं की नाही हे शिकणाऱ्याने ठरवायचं.

आता घरचा आहेर. आमचे इंग्रजीचे विभाग हे सावकाश वाचन खरंच शिकवतात का? अनेक ठिकाणी मूळ नाटक न उघडता मुलं पास होतात. गाइड, नोट्स, दहा अपेक्षित प्रश्न. अँटनीचं भाषण न वाचता अँटनीच्या ‘वक्तृत्वाची वैशिष्ट्ये’ पाठ. असं इंग्रजी शिकण्यात काही अर्थ नाही, हे त्या पालकांना आम्ही स्पष्ट सांगितलं. आणि नुसता पोटाचाच हिशेब असेल, तर तारापुरात रसायनशास्त्राची पदवी लवकर कामाला येईल, हेही सांगितलं. खोटी आशा दाखवणं हे मास्तराचं काम नव्हे.

मग ते म्हणाले, ‘म्हणजे घेऊ द्यायचं की नाही?’ आम्ही म्हटलं, ‘घेऊ द्या. एकच अट घाला. गाइड घरात आणायचं नाही, आणि आठवड्यातून एकदा वाचलेलं पान तुम्हाला मराठीत समजावून सांगायचं. तुम्हाला कळलं, तर तिला कळलं.’

तो जुना विद्यार्थी अजूनही भेटतो. त्याच्या गावात कोणताही इंग्रजी कागद आला की आता तो आधी आमच्याकडे घेऊन येतो. आमचं वय झालंय, मंडळी. पुढचा कागद वाचायला गावातलंच कोणीतरी असायला हवं.