नोंदीत नसलेलं लेकरू



आयोजकांनी विषय दिला आहे : कृत्रिम बुद्धिमत्तेचं शिक्षण अधिक नैतिक आणि सर्वसमावेशक कसं होईल. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. यंत्र कसं बांधतात, हे आम्हाला विचारू नका. पण यंत्र कशाच्या आधारावर निर्णय देतं आणि तो न्याय्य आहे का, हे विचारणं आमचं कामच आहे.

मध्यंतरी एका महाविद्यालयातल्या कार्यशाळेत आम्ही मागच्या बाकावर बसून होतो. दिवसभर एकच शिकवलं : यंत्राला प्रश्न कसा विचारायचा, म्हणजे उत्तर झटपट मिळतं. शेवटच्या अर्ध्या तासात नैतिकता आली. नक्कल करू नका, खाजगी माहिती देऊ नका. यात चूक काहीच नाही. पण नैतिकतेचं सगळं ओझं विद्यार्थ्याच्या डोक्यावर, आणि यंत्राला एकही प्रश्न नाही! आमची हरकत इथे आहे.

इंग्लंडमधलं एक उदाहरण बघा. २०२० साली कोरोनामुळे तिथल्या ए-लेव्हल, म्हणजे आपल्या बारावीसारख्या, परीक्षा रद्द झाल्या. मग एका गणिती सूत्राने श्रेणी ठरवल्या. त्यात शाळेच्या मागच्या तीन वर्षांच्या निकालाला मोठं वजन होतं. शिक्षकांनी सुचवलेल्या श्रेणींपैकी जवळपास ४० टक्के श्रेणी खाली आल्या. ज्या विषयाला मुलं अगदी थोडी, तिथे मात्र शिक्षकांचाच अंदाज धरला गेला, आणि असे छोटे वर्ग खाजगी शाळांत जास्त होते. मुलं रस्त्यावर उतरली. १७ ऑगस्टला सरकारने ते सूत्र मागे घेतलं.

यंत्राचं गणित चुकलं होतं का? नाही. त्याने शाळेचा भूतकाळ मुलाच्या गळ्यात बांधला, एवढंच.

आता हेच सूत्र आपल्याकडे आणून बघा. लातूरच्या नावाजलेल्या महाविद्यालयातला मुलगा निकालाच्या इतिहासावरच पुढे जाईल. किनवटच्या आश्रमशाळेतली हुशार मुलगी मागे पडेल, कारण तिच्या आधी तिथे कुणाला चांगले गुण मिळाले नव्हते. आपल्या नांदेडचे नरहर कुरुंदकर इंटरला नापास झाले होते. पुढे पीपल्स कॉलेजचे ते प्राचार्य झाले. त्यांची गुणपत्रिका यंत्रासमोर ठेवली असती, तर यंत्र काय म्हणालं असतं? (हशा) हसू नका, प्रश्न गंभीर आहे.

मुखेड-कंधारच्या तांड्यांवरून दिवाळीच्या सुमारास कुटुंबं ऊसतोडीला जातात. लेकरंही बरोबर जातात. हजेरीपटावर चार-पाच महिने गैरहजेरी लागते. त्या नोंदीवरून यंत्र शिकलं, तर ते म्हणेल : हे मूल शिकणार नाही. पण त्या रकान्यात कोयता कुठे आहे? उचल कुठे आहे? मूल फडावर होतं, हे नोंदीत नाही. जे नोंदीत नाही, ते यंत्राच्या जगातच नाही.

भाषेचंही तेच. मराठीत उपलब्ध झालं की सर्वसमावेशक झालं, असं आपण समजतो. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली देशी भाषेत उच्च शिक्षण देण्यासाठी निघालं. प्रयोग मोठाच होता. पण माध्यम उर्दू होतं, आणि ते नांदेडच्या मराठी पोराला परकंच वाटलं. आज तीच जागा आपण तांड्यावरच्या गोरमाटी बोलणाऱ्या पोरीला देत नाही ना?

काही मित्र म्हणतात, सर, आधी संगणक तर येऊ द्या, वीज टिकू द्या, मग नैतिकतेचं बघू. त्यांची तळमळ आम्हाला कळते. अंध विद्यार्थ्याला पुस्तक वाचून दाखवणारं यंत्र आम्हालाही हवं आहे. पण लातूर पॅटर्नचा धडा विसरू नका. त्याने मराठवाड्याला आत्मविश्वास दिला, छोट्या गावातली मुलं डॉक्टर-इंजिनिअर झाली. त्याचबरोबर परीक्षेत येईल तेवढंच शिकायची सवयही लागली. सवय आधी लागली की प्रश्न मागाहून सुचत नाहीत.

म्हणून आमचं मागणं साधं आहे. हा विषय फक्त संगणकशास्त्राच्या वर्गात कोंडू नका. कला शाखेच्या मुलांना आणि होणाऱ्या शिक्षकांनाही शिकवा. पहिला पाठ यंत्रावर घेऊ नका, गावच्या हजेरीपटावर घ्या. हे रकाने कुणी आखले? कोण सुटलं? का सुटलं? आणि प्रवेश किंवा शिष्यवृत्ती यंत्र ठरवणार असेल, तर नकाराचं कारण मुलाला कळेल अशा भाषेत मिळालं पाहिजे, आणि दाद मागायला समोर माणूस पाहिजे. खिडकीवर 'सिस्टीममध्ये असंच आहे' हे उत्तर आपण आधीच पुष्कळ ऐकलं आहे.

यंत्र मागचं पाहून पुढचं सांगतं. शिक्षक मात्र मागचं माहीत असूनही लेकराला पुढे बसवतो. हे काम यंत्रावर सोपवता येत नाही, असं आम्हाला वाटतं.

प्रश्न असतील तर विचारा.