मोर्ले यांचे ग्लॅडस्टन-चरित्र : एक मर्यादा

जॉन मोर्ले यांनी 1903 मध्ये तीन खंडांत लिहिलेले विल्यम ग्लॅडस्टन यांचे चरित्र राजकीय चरित्रलेखनाचा मानदंड मानले जाते. चार वेळा पंतप्रधान झालेल्या या नेत्याची संसदीय कारकीर्द त्यात समर्थपणे साकारते. तिचा आर्थिक पाया मात्र अंधुक राहतो. वडील जॉन ग्लॅडस्टन यांचे डेमेरारात, म्हणजे आजच्या गयानात, ऊसमळे होते. 1823 च्या गुलामांच्या उठावाचे केंद्र त्यांचाच एक मळा होता. 1833 मध्ये पुत्राने संसदेत वडिलांची बाजू मांडली. त्याच वर्षीच्या दास्यमुक्ती कायद्याने नुकसानभरपाई मालकांना मिळाली, गुलामांना नव्हे. पत्नी कॅथरिन यांच्या माहेरची कर्जात बुडालेली हावर्डन जहागीर पुढे ग्लॅडस्टन घराण्याच्याच पैशाने सावरली.

मोर्ले हे भाषणही नोंदवतात आणि जहागिरीची हकिगतही सांगतात. परंतु पहिल्यात त्यांना तारुण्यातील मतांचा टप्पा दिसतो, दुसरीत कर्तव्यनिष्ठा. मळा आणि जहागीर यांना जोडणारी संपत्ती त्यांच्या विवेचनाचा विषय होत नाही. चरित्रकार हा नायकाच्या मंत्रिमंडळातील सहकारी होता, हे येथे लक्षात घ्यावे लागते. 2023 मध्ये ग्लॅडस्टन यांच्या वंशजांनी गयानात जाऊन माफी मागितली. चरित्राने सुटे ठेवलेले हे दोन धागे अखेर कुटुंबानेच जोडले.