चौथी आवृत्ती आणि वर्गणीचं सॉफ्टवेअर

आता ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची चौथी आवृत्ती घेऊ. कागद, फासे आणि गप्पांवर चालणारा हा खेळ. ही आवृत्ती २००८ला आली आणि २०१२च्या जानेवारीतच प्रकाशक विझर्ड्स ऑफ द कोस्टने पुढचीची घोषणा केली. विरार लोकलमधली चौथी सीट म्हणा ना, नावाला जागा! नवी पुस्तकं थांबली, याबद्दल आमची तक्रार नाही. जुनी कपाटात राहतात. वसईत चारजण फासे घेऊन बसले की खेळ सुरू. पण पात्र तयार करायचं सॉफ्टवेअर? आधी ते आपल्याच संगणकावर चालायचं. २०१०ला ते वर्गणीदारांसाठी ऑनलाइन नेलं, आणि २०२० उजाडताच ती सेवाच बंद. या आवृत्तीतली पात्रांची आकडेमोड हाताने करायची म्हणजे नवखा पहिल्याच संध्याकाळी कंटाळतो. जाताना निदान संगणकावरची जुनी प्रत तरी खुली करायला हवी होती, असं आम्हाला वाटतं.