उशिरा मिळालेले नाव

करण जोहर यांच्या ‘माय नेम इज खान’ (२०१०) या चित्रपटात मुंबईत वाढलेल्या रिझवानच्या वेगळेपणाला नाव मिळते ते मोठेपणी, अमेरिकेत. आई त्याला किती धीराने घडवते, हे शिक्षकांनी जरूर पाहावे. पण प्रेक्षकांच्या लक्षात राहते ते त्याचे दुरुस्तीचे कसब. बहुतेक स्वमग्न मुलांत असे अचाट कौशल्य नसते. शैशवात तर चित्रपट शिरतच नाही. लोणावळ्याच्या बालवाडीत मात्र खुणा साध्याच दिसतील : हाकेला न वळणे, नजरेला नजर न देणे, आवडलेली वस्तू बोटाने न दाखवणे. दीड-दोन वर्षांच्या वयातही त्या ओळखता येतात. अशा वेळी ‘बोलेल हळूहळू’ असे न म्हणता पालकांना मुलाची श्रवणतपासणी करायला व बालरोगतज्ज्ञांना भेटायला सुचवावे. रिझवानला जे उशिरा मिळाले, ते आपल्या वर्गातील मुलाला वेळेवर मिळावे.